सायीच्या रंगाचा जिना

जिना रंगवायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि मी ते मुकाट्यानं फोडून घेतलं, पण कल्पना माझी नव्हती. मला कल्पना सुचत नाहीत. गेली सव्वीस वर्षं मी विम्याच्या ऑफिसात जुन्या फायली सांभाळतो आणि आमच्या खात्यात ज्याला काही सुचतं त्याची लगेच बदली होते. मी अजून तिथंच आहे.

आमचं घर म्हणजे खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या आणि बाथरूम, आणि मधे पंधरा पायऱ्यांचा लाकडी जिना. जिन्याला फार पूर्वी कुणीतरी काळपट तपकिरी पॉलिश केलेलं. त्यावर तेलाचे डाग, चहाचे डाग, आणि सातव्या पायरीवर शाईची अख्खी बाटली सांडली होती त्याचा डाग. ती बाटली मी सांडली होती, चौथीत असताना, आणि बायकोला हे आईनं लग्नानंतर आठवड्याच्या आत सांगितलं.

आई वरच्या खोलीत राहायची. वय एक्याऐंशी. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्यानं धुरकट दिसायचं, आणि डॉक्टरांनी चष्म्याचा नाद सोडायला सांगितलं होतं. तरी दिवसातून दोनदा ती एकटी जिना उतरायची. सकाळी चहाला, आणि चार वाजता, ते थेट रात्रीचं जेवण होईपर्यंत. दाराशी तिची खुर्ची होती. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या घरातल्या भानगडी तिला तोंडपाठ. आमच्या घरी काय चाललंय हेही मला बऱ्याचदा पोस्टमनकडून कळायचं.

एके दिवशी शेवटची पायरी चुकली आणि आई बसली खाली. लागलं काही नाही, कोपर खरचटलं. पण त्याच दिवशी ताईचा व्हिडिओ कॉल आला, आणि आईनं नेमका तोच हात हलवून "कशी आहेस गं?" म्हटलं. झालं. ताईला पट्टी दिसली. माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि आवाजानं त्याहून बरीच.

"मी पंधरा दिवसांनी येतेय," ती म्हणाली. "आई माझ्यासमोर जिना उतरून दाखवेल, कुणाचा हात न धरता. उतरली तर राहू दे तुझ्याकडे. नाहीतर मी घेऊन जाते."

"घेऊन जाते म्हणजे?"

"म्हणजे घेऊन जाते. तुला ऑफिसातून वेळ कुठे मिळतो?"

हे तोंडात मारल्यासारखं होतं. मी फोन ठेवला आणि आईला विचारलं, "तुला जायचंय का ताईकडे?"

"मला कोण विचारतंय?" आई म्हणाली. "तुम्ही दोघं ठरवा, मी पिशवी भरते."

आईनं जाऊ नये असं मला वाटत होतं. अगदी मनापासून. पण एकावन्नाव्या वर्षी असं बोलायचं कुणाकडे, म्हणून मी तावातावानं चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

बाहेर पडलो ते सरळ मोजपट्टीकाकांच्या तावडीत. मोजपट्टीकाका म्हणजे आमचे शेजारी. पूल बांधायच्या खात्यातून निवृत्त झाले, पण खिशातली मोजपट्टी निवृत्त झाली नाही. बोलता बोलता समोरच्या वस्तूचं माप घेतात. एकदा त्यांनी माझ्याशी गप्पा मारताना माझीच उंची मोजली आणि "अंदाजापेक्षा कमी आहे" म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आमच्या घरात आले, प्रत्येक पायरी मोजली आणि निदान केलं.

"उजेडाचा प्रश्न आहे. काळा जिना उजेड खातो. म्हातारीला दिसणार कसं? पांढरा रंग द्या. जिना कसा लख्ख दिसेल!"

बायकोलाही पटलं. तिला त्या डागांचा राग होताच. वरून आईचा आवाज आला, "अरे, मला एकदा विचारशील का?"

"आई, सगळं ठरलंय," मी ओरडून सांगितलं. "तू फक्त बघत राहा." अंधूक दिसणाऱ्या बाईला हे सांगणारा मी पहिलाच मुलगा असेन.

आता रंग आणायचा आणि लावायचा, एवढं साधं काम. पण मोजपट्टीकाका जाता जाता दारात थांबले. "समितीची परवानगी घेतलीत ना? जिना भिंतीत बसवलाय आणि भिंत आपल्या दोघांची आहे." ती भिंत आमची दोघांची आहे हे मला काका शेजारी आल्यापासूनच्या बावीस वर्षांत कुणी जाणवू दिलं नव्हतं. त्यांच्या घोरण्यानं तेवढं जाणवायचं.

वसाहतीच्या समितीचा सेक्रेटरी संध्याकाळी पाच ते सहा या वेळात बसतो, म्हणजे पावणेसहाला येतो. त्यानं अर्ज पुढे केला. तोडकाम, बांधकाम, दुरुस्ती. यापैकी एकावर खूण करा.

"रंगकाम आहे," मी म्हटलं.

"तसा रकाना नाही."

"मग मी रकाना काढतो."

"रकाना काढायला सर्वसाधारण सभा लागते."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. याच आवाजात, याच चेहऱ्यानं मी सव्वीस वर्षं लोकांना परत पाठवत आलो होतो. समोरून ते कसं दिसतं हे आत्ता कळलं, आणि बरं नाही वाटलं. शेवटी 'दुरुस्ती'वर खूण केली. मग त्यानं दोन ना-हरकत पत्रं मागितली. एक, भिंतीपलीकडे राहणाऱ्याचं. दुसरं, जिन्याखाली राहणाऱ्याचं.

"जिन्याखाली मीच राहतो."

"मग तुमचं आणा."

मी घरी येऊन माझ्याच नावे विनंतीपत्र लिहिलं, त्याला माझंच उत्तर लिहिलं आणि दोन्हीवर सह्या केल्या. सेक्रेटरीनं दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि "जुळत नाहीत" म्हणून परत पाठवलं. भिंतीपलीकडचं पत्र तर आणखी लांबलं. ज्यांनी रंग द्या म्हणून सांगितलं तेच मोजपट्टीकाका, पत्र मागितल्यावर गंभीर झाले. "सल्ला देणं वेगळं, सही देणं वेगळं," म्हणाले आणि तीन दिवस भिंतीला कान लावून बसले. परवानगी हातात पडेपर्यंत पंधरापैकी पाच दिवस या पत्रांत गेले.

रंगाच्या दुकानात बायको सोबत आली. पांढऱ्याचे एवढे प्रकार असतात याची मला कल्पना नव्हती. मोतिया, हस्तिदंती, चुनखडी, साय. बायकोनं अर्धा तास लावून साय निवडली. दुकानदारानं डबा बांधता बांधता विचारलं, "लाकूड घासलंय ना?"

त्या क्षणी "घासायचं असतं का?" एवढं विचारलं असतं तर ही कथा इथंच संपली असती. पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि बायको माझ्याकडे बघत होती. "अर्थात," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी जुना पायजमा घालून जिन्याला भिडलो. वरून सुरू करून खाली आलो, म्हणजे निदान वर अडकायची चूक केली नाही, याची कृपया नोंद घ्यावी. संध्याकाळपर्यंत जिना सायीसारखा दिसत होता. मी चहा घेत त्याच्याकडे बघत बसलो. आयुष्यात इतकं समाधान मला फार कमी वेळा झालंय, आणि ते एक रात्र टिकलं.

सकाळी बघतो तर जिन्याला कावीळ झालेली. खालचं पॉलिश रंगातून वर आलं होतं. सातव्या पायरीवर शाईचा डाग पहिल्यापेक्षा मोठा होऊन बसला होता. बायको वरून खाली आली तेव्हा तिच्या तळपायांना रंगाचे पापुद्रे चिकटून आले. तिनं एक पापुद्रा उचलून माझ्या हातात दिला. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

दुकानदाराकडे पुन्हा गेलो. "घासलं नव्हतंत," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. मग त्यानं खरखरीत पॉलिशपेपर दिला, अस्तराचा वेगळा डबा दिला, आणि सगळं खरवडून, घासून, अस्तर मारून मग रंगाचे दोन हात द्यायचे असं लहान मुलाला सांगतात तसं समजावलं.

मी रजा टाकली. फायलींच्या खात्यात रजेचं कारण लिहावं लागतं. मी 'जिना' असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, "पडलात का?" मी म्हटलं, "अजून नाही."

दोन दिवस मी तो जिना घासला. बोटं सोलली, कंबर गेली. लाकडाची धूळ भातात, अंथरुणात, टीव्हीच्या पडद्यावर, सगळीकडे. आई वरून खोकायची आणि खोकला थांबला की म्हणायची, "अरे, कडासुद्धा घासतोस का रे?"

"कडा आधी घासल्या, आई. त्याच सगळ्यात झिजल्या होत्या. आता एकसारखं दिसेल सगळं."

"हं," आई म्हणाली. आईच्या 'हं'मध्ये किती काय असायचं हे मला ठाऊक आहे, पण त्या वेळी माझ्या कानात धूळ होती.

रंग देताना घरात ये-जा कशी करायची, हा पुढचा पेच. मोजपट्टीकाकांनी तोडगा काढला. एक सोडून एक पायरी रंगवायची. आज विषम, उद्या सम. रंगवलेल्या पायऱ्या सोडून बाकीच्यांवरून टांगा टाकत जायचं. तोडगा बिनतोड होता, फक्त आम्ही माणसं तशी नव्हतो. बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दोन-दोन पायऱ्या चढायची आणि प्रत्येक टांगेला माझ्या घराण्याचा उद्धार करायची. मी स्वतः दुसऱ्या दिवशी विषम की सम हे विसरलो आणि चौथ्या पायरीवर पाय उमटवला. तो बुजवायला खाली वाकलो तर तेराव्या पायरीवरचा डबा कलंडला. डोक्यावर साय घेऊन मी खाली बसलो होतो तेव्हाच सेक्रेटरी पाहणीला आला.

"दुरुस्ती कुठंय?" त्यानं विचारलं.

मी जिन्याकडे बोट दाखवलं. तो दोन पायऱ्या चढला. सांडलेल्या रंगानं दोन्ही ओल्या होत्या. मग त्यानं बूट वर करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं, 'काम प्रगतिपथावर.' बुटाचे दोन सुबक ठसे तो ठेवून गेला आणि बूट पुसायला माझाच रुमाल घेऊन गेला.

या सगळ्यात आई वर अडकली होती. एक्याऐंशी वर्षांची बाई पायऱ्या सोडत टांगा टाकणार कशी? मग बायकोनं वरच्या खिडकीतून दोरीला टोपली बांधली. चहा, जेवण, औषधं, सगळं टोपलीतून वर. पहिले दोन दिवस आईला त्याचं फार अप्रूप. खिडकीत बसून ती खालून जाणाऱ्या पोस्टमनला हाक मारायची, "अहो, मला कैदेत टाकलंय यांनी!" आणि खदखदून हसायची. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली नाही. पाचव्या दिवशी टोपली वर गेली ती तशीच्या तशी खाली आली.

"भूक नव्हती का, आई?"

"बसून बसून काय भूक लागणार?"

मी खालून म्हटलं, "आणखी चारच दिवस. मग बघ, लख्ख जिना!" तिनं खिडकी लावून घेतली. मला वाटलं, रंगाचा वास येतो म्हणून लावली असेल.

ताई यायच्या आदल्या दिवशी शेवटचा हात वाळला. खोटं कशाला बोलू, जिना देखणा झाला होता. पंधरा पायऱ्या, उभ्या फळ्या, कठडा, सगळं सायीच्या रंगाचं. एक डाग नाही, एक कड खडबडीत नाही. शाईचा डाग तर शोधूनही सापडेना, आणि मला उगाच थोडं चुकल्यासारखं झालं. मोजपट्टीकाका येऊन "छान" म्हणाले. मोजमाप न करता माणूस छान म्हणाला, म्हणजे बघा.

ताई सकाळी दहाला आली. बॅग खाली ठेवायच्या आधी जिन्याकडे बघून थांबली. "अरे वा," ती म्हणाली. माझ्या आयुष्यात ताईनं मला उद्देशून 'अरे वा' म्हटल्याची ही दुसरी वेळ. पहिली वेळ मला आठवत नाही, पण एकदा तरी म्हणाली असेल. मी छाती काढून उभा राहिलो आणि वर हाक मारली, "आई, ये खाली! ताई आलीये!"

आई खोलीतून आली. केस नीट विंचरलेले, चांगले कपडे घातलेले. दहा दिवसांनी ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं खाली पाहिलं, आणि पुढे सरकलीच नाही.

"ये ना," मी म्हटलं.

आईनं एक पाय पुढे केला, हवेत चाचपला आणि मागे घेतला. मग दुसरा केला, तोही मागे. खाली आम्ही तिघं, मी, बायको आणि ताई, उभे.

"पायऱ्या कुठे गेल्या रे?" आईनं विचारलं.

मला आधी वाटलं ती थट्टा करतेय. मग तिचा चेहरा बघितला.

"मला नुसतं पांढरं दिसतंय," ती म्हणाली. "घसरगुंडीसारखं. पायरी कुठली नि कड कुठली, काही कळत नाही."

"आधी तर काळा होता जिना! तेव्हा कसं दिसायचं?"

"काळा होता म्हणूनच दिसायचं. कडा झिजून पांढुरक्या झाल्या होत्या ना? पाय ठेवून ठेवून. मी त्या रेघा बघून उतरायचे. काळ्यावर पांढरी रेघ दिसली की तिथं पाय." ती थांबली. "शेवटच्या पायरीची रेघ पुसट होती, म्हणून त्या दिवशी चुकली."

मी घासून घासून, दोन दिवस बोटं सोलून, त्या रेघाच काढून टाकल्या होत्या. एकही ठेवली नव्हती. आणि तिनं दोनदा विचारलं होतं. मला त्या क्षणी कुणीतरी ओरडावं असं फार वाटलं. ताईसुद्धा ओरडली नाही.

"थांब आई, मी येतो हात धरायला," मी म्हटलं.

"नको. हात न धरता उतरायचं ठरलंय ना?" आई म्हणाली. बाई हट्टी. तिलाही राहायचं होतं हे मला तेव्हा कळलं, तिच्या त्या पुढे टाकलेल्या पायावरून. पहिली पायरी मिळाली. दुसरी मिळाली. तिसरी जिथं होती तिथं तिचा पाय पडला नाही.

मी धावलो. माझ्या आयुष्यात मी एवढा कधी धावलो नाही. वरून सहाव्या पायरीवर ती माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघं तिथंच बसलो, ती माझ्या मांडीवर, माझं डोकं कठड्यावर आपटलेलं. तिचा घोटा मुरगळला होता. बाकी काही नाही. "लागलं का रे तुला?" तिनंच मला विचारलं.

ताई दोन दिवस थांबली आणि आईला घेऊन गेली. मी भांडलो नाही. कशाच्या जोरावर भांडणार? निघताना आई म्हणाली, "चार दिवस राहते रे. पाय बरा झाला की येते." पिशवी तिनं खरंच स्वतः भरली. भाजीवाला, पोस्टमन सगळे दाराशी जमले होते. मोजपट्टीकाका लांब उभे होते, खिशातून हात बाहेर न काढता.

ती गाडीत बसली त्याच दिवशी मी काळ्या रंगाचा छोटा डबा आणला. दुकानदारानं विचारलं, "घासायला नको ना?" मी म्हटलं, "नको, हो." घरी येऊन प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा ओढला, पंधराच्या पंधरा, पट्टी लावून, सरळ. मोजपट्टीकाका आपणहून आले आणि पट्टीचं दुसरं टोक धरून बसले. परवानगी कुणी मागितली नाही. बायको म्हणाली, "आता दिसतील त्यांना." दिसलंच असतं. डोळे बारीक करून मी स्वतः तीनतीनदा चढून-उतरून पाहिलं.

आईचे चार दिवस अजून चालूच आहेत. आता सहा महिने होतील. पाय केव्हाच बरा झाला. दर रविवारी मी फोन करतो. परवा न राहवून पट्ट्यांबद्दल सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं.

"काळे पट्टे?" आई म्हणाली. "प्रत्येक पायरीला?"

"हो. पांढऱ्यावर काळी रेघ. तुला आता अगदी सहज दिसेल."

मागे ताईच्या घरातला टीव्ही चालू होता.

"इथं जिनाच नाही रे," ती म्हणाली. "सरळ चालत जायचं, या खोलीतून त्या खोलीत. पडायची भीतीच नाही. बसते आपली खिडकीत. इथं पोस्टमन कुणाशी बोलत नाही." मग म्हणाली, "बरं केलंस पण. आणि हे बघ, तू उतरताना बघून उतर हो. तुझंही वय झालं आता."

"हो," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मी तिची खोली झाडायला वर गेलो.